किरणांतून आलेला उडीद आणि केळीची अडचण

भंडाऱ्यात भात कापून झाला की बांधीतल्या उरल्या ओलीवर लाखोळी, मूग, उडीद पेरतात. उडदाच्या वाणांत टीएयू-१ हे नाव विदर्भाला जुनंच. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा हा वाण १९८५मध्ये प्रसारित झाला. त्याच्या जनकांपैकी यूएम-१९६ हा किरणोत्सर्गातून मिळालेला उत्परिवर्तक होता : पानं गडद हिरवी, दाणा टपोरा. त्याचा टी-९ या वाणाशी संकर करून टीएयू-१ घडवला.

गॅमा किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. पेशी ते सांधते, पण कधी चुकीचे सांधते आणि गुणधर्म बदलतो. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात. हजारो रोपांतून एखादंच कामाचं निघतं. खरे कष्ट त्या निवडीचे. आणि असं बियाणं किरणोत्सर्गी होतं, ही भीती मनातून काढलीच पाहिजे; तसं होत नाही.

केळीत मात्र बी नाही. जळगावची ग्रँड नैन त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, आहे, त्यामुळे नेहमीचा संकर जवळपास अशक्य. म्हणून ऊतीसंवर्धनातल्या कोंबाच्या टोकांवर किरण सोडतात. एकाच कोंबात बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी शेजारी-शेजारी असतात. त्या वेगळ्या होईपर्यंत कोंब पुनःपुन्हा विभागून वाढवावे लागतात. ग्रँड नैनपासूनच मलेशियात नोव्हारिया हा लवकर फुलणारा वाण अशा वाटेनं मिळाला.