सभापतींचे आसन आणि कामाचा हक्क : वि. स. पागे यांची राजकीय वाटचाल

लोकप्रतिनिधीचे चरित्र सांगावयाचे झाले की आपण प्रथम त्याची पदे मोजतो. किती वेळा निवडून आला, कोणते खाते मिळाले, मंत्रिमंडळात कितवे स्थान होते, हा आपला नेहमीचा हिशेब. या हिशेबाने पाहिले तर विठ्ठल सखाराम पागे यांची वाटचाल अगदी साधी वाटते. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या वर्षापासून १९७८ पर्यंत, सलग अठरा वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे कधी आले नाही. आणि तरीही खेड्यातल्या भूमिहीन मजुराच्या आयुष्याला थेट भिडलेला जो कायदा महाराष्ट्राने केला, त्याचे जनकत्व सारे एकमुखाने पागे यांनाच देतात. हा कायदा म्हणजे रोजगार हमीचा कायदा. सत्तेच्या बाहेर असलेल्या आसनावरून ही गोष्ट घडली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

पागे यांचा जन्म १९१० सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला, तुरुंगवास सोसला. शिक्षण कायद्याचे, पक्ष काँग्रेस आणि ओढा संतवाङ्मयाकडे. सांगलीचा कृष्णाकाठ सुपीक आहे. पण थोडे पूर्वेला सरकले की पर्जन्यछायेचा कोरडा टापू लागतो. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी, नाही तर हाताला कामही नाही आणि पोटाला भाकरीही नाही, असे तेथील कुटुंबांचे जिणे. हा टापू त्यांच्या घरापासून दूर नव्हता.

सभापतीच्या पदाचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. सभागृहाचे काम नियमाप्रमाणे चालविणे हे त्याचे कर्तव्य. वादविवादात तो उतरत नाही. मतदानही करीत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणे त्याला निर्णायक मत देता येते. शिवाय विधान परिषद हे दुय्यम सभागृह. धनविधेयक तिला चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ अडविता येत नाही. पश्चिम बंगालने तर १९६९ साली आपली परिषदच मोडीत काढली. अशा सभागृहाच्या अध्यक्षाने पैशाची मोठी गरज असलेली योजना मांडावी, हे वरकरणी विचित्रच वाटते. परंतु या पदाला एक बळ असते. सभापती साऱ्या पक्षांचा असतो. त्याची सूचना कोणत्याही गटाची म्हणून बाजूला टाकता येत नाही, आणि तिला विरोध केल्याने कोणाचे राजकारणही साधत नाही. पागे यांनी हे बळ ओळखले आणि वापरले.

त्यांचा विचार मुळात सरळ होता. कोरडवाहू भागात दोन गोष्टी रिकाम्या पडून असतात. एक जमीन, कारण तिला पाणी नाही. आणि दुसरे माणसाचे हात, कारण त्यांना काम नाही. या हातांनी त्या जमिनीवर बांध घातले, नाले अडविले, पाझर तलाव खोदले, तर मजुराला आज मजुरी मिळेल आणि शेताला उद्या पाणी. भांडवल थोडे लागेल, कारण खर्चाचा मोठा वाटा मजुरीचाच. तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला आणि ‘पागे योजना’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलून धरली आणि १९७२ साली राज्याची रोजगार हमी योजना सुरू झाली.

योजना रुजते न रुजते तोच १९७२-७३ चा भीषण दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती आणि एरवी गावात पाटीलकी मिरविणारे शेतकरीही होते. मजुरांचे मोर्चे निघाले, डाव्या आणि समाजवादी पक्षांनी कामाची मागणी लावून धरली. दुष्काळ सरल्यावर साऱ्यांनाच एक गोष्ट पटली होती : काम मागणारा माणूस आळशी नसतो, आणि काम दिले तर तो उन्हातान्हात कित्येक मैल चालत येतो. दुष्काळाने पागे यांच्या कल्पनेच्या बाजूने साक्ष दिली.

प्रश्न उरला पैशाचा. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. नोकरदार, व्यापारी, व्यावसायिक यांच्या उत्पन्नावरचा हा कर खास रोजगार हमीसाठी होता. त्यात बागायती जमिनीवरचा आकार, मोटारवाहन व विक्रीकरावरचा अधिभार यांची भर पडली. आणि जेवढी रक्कम अशी जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. आपल्या प्राध्यापकांच्या पगारपत्रकात दरमहा ‘व्यवसाय कर’ म्हणून जी वजावट दिसते, तिचे मूळ येथे आहे. शहराने खेड्याच्या मजुरीचा भार उचलावा, हे तत्त्व त्यातून प्रत्यक्षात आले. शहरानेही फारशी खळखळ केली नाही. खेड्यात काम मिळाले तर मुंबईच्या पदपथावर येणारे लोंढे थोडे थांबतील, हा व्यवहार त्यालाही कळत होता. बागायतदारालाही तलाव आणि रस्ते हवेच होते.

परंतु योजना आणि कायदा यांत महदंतर असते. योजना सरकारच्या मर्जीवर चालते. कायदा सरकारला बांधतो. दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केलेला १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तोपर्यंत पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले होते. ग्रामीण भागातील अंगमेहनतीचे काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक प्रौढाने नाव नोंदवून काम मागावे. पंधरा दिवसांत काम द्यावे. न दिल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. काम कोणते आणि जिल्ह्यात कोठे, हे निवडण्याचा अधिकार मात्र मजुराला नव्हता. मजुरी कामाच्या मापावर, स्त्री-पुरुषांना एकाच दराने. आपल्या घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला कायद्याचे दात दिले.

हे दात नेहमीच चावले असे नाही. बेकारी भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. खोटी हजेरीपत्रके भरली गेली, कामे अर्धवट राहिली, मजुरी वेळेवर मिळाली नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. अर्जाची पोच मिळविणे हेच निरक्षर मजुराला एक दिव्य होते. तरीही या कायद्याने एक गोष्ट बदलली. तहसील कचेरीपुढे उभा राहणारा मजूर पूर्वी मदत मागत असे. आता तो आपले देणे मागू लागला. शेतमजूर स्त्रियांच्या कितीतरी संघटना याच मागणीवर उभ्या राहिल्या.

पागे १९९० साली निवर्तले. पुढे २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता. त्या कायद्याने देशातील प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांची हमी सांगणारा नवा कायदा संमत केला, आणि खर्चाचा भार केंद्राने किती व राज्यांनी किती उचलावा हा वाद पुन्हा रंगला. दिवसांचा आकडा किती, हे महत्त्वाचे खरेच. पण काम मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा सरकारला आहे की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. पागे यांनी महाराष्ट्रापुढे ठेवलेला प्रश्न हाच होता.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण सत्ता कोणाच्या हाती असते ते शिकतो. मंत्र्याजवळ खाते असते, पक्षनेत्याजवळ माणसे असतात. पागे यांच्याजवळ एक साधा विचार, सर्व पक्षांचा विश्वास आणि अठरा वर्षांची चिकाटी होती. लोकप्रतिनिधीची पदे काळाच्या ओघात विसरली जातात. मजुराच्या अर्जावर पंधरा दिवसांत उत्तर देण्याचे बंधन सरकारवर घालणारा माणूस मात्र लक्षात ठेवला पाहिजे.