शिस्त अंगात मुरते कशी?

लेखमाला : किनारा ते कवायत / लेखांक 4

गेल्या आठवड्यात आपण भरतीच्या मैदानापर्यंत आलो. निवड झालेला मालवण-देवगडकडचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत गेला, तर आंबोली घाट चढून बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात पोचतो. नौदलात गेला, तर थेट ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर. याच चिल्कावरून 28 मार्च 2023 रोजी नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे 2,600 जण होते आणि त्यांत 270हून अधिक मुली. प्रशिक्षण अवघे चार महिन्यांचे. एवढ्यात माणूस बदलतो तो कशाने?

सुरुवात होते ती बारीक कापलेल्या केसांनी आणि एकसारख्या गणवेशाने. कोण कुठल्या वाडीतला, कोणाच्या बापाचा ट्रॉलर आणि कोणाचा बाप दुसऱ्याच्या होडीवर, हे सगळे बाजूला पडते. मग पहाटेची धाव, बिछान्याची घडी, बुटांची चकाकी. घडी चुकते एकाची आणि रगडा मिळतो सगळ्या तुकडीला. नव्या पोराला हा अन्याय वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. जहाजावर एकाने झडप नीट लावली नाही, तर पाणी सगळ्यांच्याच अंगावर येते.

तासन्‌तास कदमताल कशाला, हाही नेहमीचा प्रश्न. अमेरिकी इतिहासकार विल्यम मॅकनील 1941मध्ये सैन्यात दाखल झाले, तेव्हा टेक्ससच्या मैदानावर त्यांनाही तोच पडला होता. पुढे 1995च्या पुस्तकात त्यांनी उत्तर मांडले : एका तालात एकत्र हालचाल केली की माणसे मनानेही बांधली जातात. आपल्याकडे रापण ओढणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. दोरावरचे हात एका लयीत पडले तरच जाळे किनाऱ्याला लागते. शिवाय तीच कृती शेकडो वेळा केल्याने आग लागली, अंधार झाला, तरी हात आपोआप योग्य जागी जातो. भीती तेव्हाही वाटतेच, पण ती हाताला अडवत नाही.

मात्र शिस्त आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईतले ‘तलवार’ हे शाही भारतीय नौदलाचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांना विटलेल्या तिथल्या नौसैनिकांनी 18 फेब्रुवारी 1946 रोजी जेवण नाकारले. बघता बघता बंड 78 जहाजांवर पसरले. एकजुटीने उभे राहायला ज्यांना शिकवले होते, तेच एकजुटीने अपमानाविरुद्ध उभे राहिले. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि ही किनारपट्टी नौदलाला पिढ्यान्‌पिढ्या खलाशी देत आली होती. बंडाचा हा धडा म्हणून आपल्यालाही जवळचा आहे.

भरतीपूर्व वर्गात मुलांना घालणाऱ्या आईवडिलांनी तो ध्यानात ठेवावा. उस्ताद कडक असावा, पण मुलांसोबत तोही पहाटे धावणारा असावा. चूक झाल्यावर ती दुरुस्त कशी करायची, हे त्याने दाखवले पाहिजे. मारहाणीने मुलगा फक्त साहेब बघत असताना सरळ उभा राहतो. सोबत्याची जबाबदारी ज्याला पटली, तो कोणी बघत नसतानाही झडप नीट लावतो.

पुढच्या आठवड्यात : चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर सेवेत कायम होतात. बाकीच्यांनी ही शिस्त घेऊन किनाऱ्यावर काय करायचे?