शाळेत नाही, पण संघात?

अमेरिकेत शालेय फुटबॉल हा केवळ मुलांचा विषय नसतो. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर सामना असला, की लहान गावांतून अख्खे गाव तिथे लोटते. (तिथला फुटबॉल निराळा; त्यात चेंडू हातात घेऊन पळतात.) या सरकारी शाळांच्या संघात, शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना घ्यावे का, हा तिथला जुना वाद आहे.

फ्लोरिडा राज्याने १९९६ साली, अभ्यासातली प्रगती दाखवण्याच्या अटीवर, अशी परवानगी दिली. तिचा सर्वांत गाजलेला लाभार्थी म्हणजे टिम टीबो. घरी शिकणारा हा मुलगा नीझ हायस्कूलकडून खेळला. २००५ साली त्या शाळेने राज्य अजिंक्यपद मिळवले आणि २००७ साली टीबोने कॉलेज फुटबॉलमधला मानाचा हाइझमन करंडक पटकावला. इतर राज्यांतल्या अशा विधेयकांना पुढे त्याचेच नाव पडले. व्हर्जिनियात मात्र गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तिन्ही वर्षे नकाराधिकार वापरला.

आईवडील म्हणतात, शाळा चालतात त्या करांवर. ते आम्हीही भरतो. मग मैदान आम्हाला परके का? पण विरोधकांचे म्हणणेही टाकाऊ नाही. शाळेतल्या मुलाला खेळायचे तर हजेरी लागते, गुण लागतात. घरी शिकणाऱ्याचा पेपर आईनेच तपासायचा! शिवाय त्याला सोयीची शाळा निवडता येते. नीझच्या हद्दीत बसावे म्हणून टीबो आईसह दुसऱ्या काउंटीत राहायला गेला होता. आणि एक आत आला, की दुसरा बाहेर बसतो. मी शाळेच्या कबड्डी संघात कायम राखीव असे. ते बाहेर बसणे काय असते, हे मला ठाऊक आहे.

तरीही मला वाटते, या मुलांना खेळू द्यावे. घरी शिकायचे हे बहुधा मुलाने ठरवलेले नसते, मोठ्यांनी ठरवलेले असते. घरी गणित शिकवता येईल, भाषा शिकवता येईल. पण अकरा जणांचा संघ घरात कुठून आणणार? राहिला प्रश्न बाहेर बसणाऱ्याचा. शाळेत नवा मुलगा दाखल झाला, तरी त्याची जागा जाऊ शकतेच. त्याला हवी असते ती नियमांची समानता. तेव्हा राहत्या भागातल्याच शाळेकडून खेळायचे, परीक्षा त्रयस्थाने घ्यायची आणि सरावाला सर्वांबरोबर यायचे, एवढे कसोशीने पाळावे. मग संघात कोण येतो, हे खेळावरून ठरू द्यावे.