शेवटच्या कडव्यातली सही

एप्रिल जवळ आला की आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत जयंती मंडळाची बैठक बसते. वर्गणी किती, मिरवणूक कुठून, भोजनदान कोणाकडे, हे ठरता ठरता रात्रीचे अकरा वाजतात. आम्ही बी. कॉम. झालेले, त्यात नोकरी कारकुनाची. त्यामुळे हिशोबाची वही दरवर्षी आमच्याच गळ्यात पडते. यंदा डीजेचा आकडा लिहून झाला, मंडप झाला, लायटिंग झाले. मग आम्ही विचारले, "गायन पार्टीचे काय?" एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, दादांची गाणी डीजेवर लागणारच आहेत ना!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी आजही मिरवणुकीत लागतात, पोरे बेभान होऊन नाचतात. पण धृपद आणि एखादे कडवे झाले की लगेच दुसरे गाणे सुरू होते. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणे पोचतच नाही. आणि ज्या गाण्यांवर आमचा पिंड पोसला, त्यांची खरी खूण त्या शेवटच्या कडव्यातच आहे.

आमच्या लहानपणी गायन पार्टी येणार म्हणजे वस्तीत सण असे. आयाबाया लवकर भाकरी थापून, पोरांना काखोटीला मारून पुढची जागा धरत. एक पेटी, एक ढोलकी, एक बेंजो, टाळ, आणि मागे चार-पाच जणांचा कोरस. एवढ्या सामानावर रात्र निघे. मुख्य गायक आधी दोन शब्द बोलायचा. महाडचे पाणी, काळारामाचा दरवाजा, येवल्याची घोषणा. मग पेटीवर सूर धरायचा. तो ओळ टाकायचा, कोरस ती उचलायचा आणि तिसऱ्या वेळेला सगळा मंडप गाऊ लागायचा. चाली कानावरच्या, शब्द चुलीजवळचे आणि शेतातले. म्हणून एकदा ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना बायकांच्या तोंडी यायचे. आमच्या आईला अक्षर येत नव्हते, पण वामनदादांची पंधरा-वीस गाणी तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. साऱ्या मंडळींनी आपल्या आधाराने गावे, अशी ती गाण्याची रीत आम्हाला अजून मोलाची वाटते.

वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. पोटासाठी ते मुंबईला गेले, मिळेल ती मजुरी केली. तिथे चाळीत राहत असताना एका माणसाने त्यांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. दादांना वाचता येत नव्हते. त्या लाजेने त्यांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या जुळवत जुळवत वाचायला शिकले. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि पुढे साठ वर्षे गावोगाव गात राहिले. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच त्यांनी डोळे मिटले.

आता ती शेवटच्या कडव्याची गोष्ट. दादांच्या कितीतरी गीतांत अखेरीस 'वामन' हे नाव येते. संतांच्या अभंगात नाव येते, गझलेत शायराचे येते, तसेच हे. पण आम्हाला त्यात आणखी काही दिसते. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला. त्याआधी तीस वर्षे ही गाणी तोंडातोंडीच फिरत होती. ना छापील पुस्तक, ना करारपत्र. अशा वेळी गाणे कोणाचे, हे सांगणारा पुरावा गाण्यातच विणलेला होता. ज्या माणसाला एके काळी पत्र वाचता येत नव्हते, त्याने पुढे आपल्या गाण्यांवर अशी सही केली. ती सही आमच्या आईसारख्या निरक्षर बाईलाही वाचता येत होती, कारण ती कानाने वाचायची होती. शेवटचे कडवे गाळणे म्हणजे कागदाची सहीची बाजू फाडून टाकणे होय.

ही परंपरा दादांच्याही आधीची. निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक यांनी १९३० नंतरच्या काळात जलसा उभा केला. आडनाव एकच, माणसे वेगळी. तमाशाचा बाज घेऊन, त्यातला चावटपणा टाकून त्यांनी चळवळीचा विचार बतावणीतून आणि गाण्यातून घराघरात नेला. २ मार्च १९३० ला आपल्याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा होता.

नव्या वाद्यांना आमचा विरोध नाही. चेन्नईत २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला. तिथल्या वस्त्यांतले गाना गायक आणि गिटार, ड्रमवाले एकत्र आले आणि जातीच्या प्रश्नावर गाऊ लागले. वाद्य बदलले तरी माणसे समोर उभी राहून गातात आणि शब्द ऐकू येतात. आमचे मागणे तेवढेच आहे. आवाज मोठा असो की लहान, शब्द कळले पाहिजेत.

गायन पार्टीवाल्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. ही माणसे दिवसा बिगारीकाम करतात, रिक्षा चालवतात आणि रात्री गातात. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देणारी मंडळे यांच्या हातावर मात्र गाडीभाडे टेकवतात आणि "समाजाचे काम आहे" म्हणतात. लहानपणी एकदा अशीच एक पार्टी पहाटे रिकाम्या हाताने निघालेली आम्ही पाहिली आहे. आईने त्यांना पिठलं-भाकरी बांधून दिली. ढोलकीवाल्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, हे अजून आठवते.

बैठकीत आम्ही हे सारे बोललो. थोडी वादावादी झाली. शेवटी लायटिंगच्या खर्चातून काटछाट करून तेरा एप्रिलची रात्र गायन पार्टीला द्यायचे ठरले. मानधन आधी ठरवून, वहीत वेगळे खाते घालून. तो तरुण कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी घरी आला आणि आईजवळ बसला. तिने त्याला एक गाणे सांगितले. मध्ये ती दोनदा अडखळली, वयाच्या मानाने विसरते आता. पण शेवटच्या कडव्याला आवाज स्वच्छ लागला आणि 'वामन' हे नाव तिने ठासून घेतले. पोराने ते मोबाइलमध्ये भरून घेतले.

माता-भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी आजी असेल. तिची गाणी आजच वहीत उतरवून घ्या. आणि यंदाच्या जयंतीला एक तरी गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा. जयभीम!