घरगुती बिअरनिर्मिती : घटकांच्या निवडीत पाण्याचे स्थान

माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स, यीस्ट आणि पाणी हे बिअरचे चार मूलभूत घटक होत. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती निर्मितीवरील परवान्याची अट रद्द झाल्यापासून तेथे हा छंद रुजला. हौशी निर्माते पहिल्या तीन घटकांची काटेकोर चिकित्सा करतात. पाणी मात्र नळाला येईल ते! वस्तुतः बिअरच्या अनेक शैलींचे मूळ स्थानिक पाण्यातच आढळते.

बोहेमियातील पिल्झेनचे पाणी अत्यंत मृदू आहे. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने तेथे फिकट माल्टपासून सोनेरी लागर सिद्ध केली. याउलट इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम विपुल असून त्यातील सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा व ठसठशीत होतो. तेथील पेल एलची ख्याती यामुळेच.

लंडनचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथील पाण्यात बायकार्बोनेट अधिक. माल्टमधील स्टार्चची शर्करा करणाऱ्या विकरांना सुमारे ५.२ ते ५.६ सामू मानवतो. अशा क्षारयुक्त पाण्यात केवळ फिकट माल्ट वापरल्यास सामू वाढतो आणि टरफलांतील तुरट द्रव्येही उतरतात. गडद माल्टची आम्लता ही क्षारता शमविते. म्हणून अठराव्या शतकात लंडनला पोर्टर साधली. येथे अभिरुचीपेक्षा रसायनशास्त्र अधिक निर्णायक ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तात्पर्य, बायकार्बोनेटयुक्त पाणी असणाऱ्याने प्रथम पोर्टर वा स्टाउट निवडावी. पिल्झनरचाच आग्रह असल्यास पाणी उकळून, निवळून घ्यावे किंवा त्यात क्षारविरहित पाणी मिसळावे.