पाणकर आणि दहा फुगे

रोवणी आटोपलेली आणि पावसाने दडी मारलेली, अशा वेळी भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभं राहून पाहावं. पाळीला लागून ज्याची बांधी, त्याला पाणी आधी. टोकाच्या बांधीपर्यंत ते पोचेल का, हे वरच्यांच्या वागण्यावर. वरच्याने रात्री धुरा फोडून जास्तीचं पाणी ओढलं, की खालचा म्हणतो, ‘मला पाणीच मिळत नाही, तर पाळीवर माती टाकायला मी कशाला येऊ?’ पाळ फुटली की दोघांचाही धान गेला. गेम थिअरी नावाची गणिताची शाखा अशाच पेचांचा अभ्यास करते.

ही शाखा माणसाला स्वार्थी ठरवते, असं बरेच जण समजतात. तिचा गाजलेला ‘कैद्यांचा पेच’ १९५० साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत मांडला गेला. त्यात दगा देणंच प्रत्येकाच्या फायद्याचं ठरतं, हे खरं. पण तो एका डावाचा हिशेब. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास तोच डाव संगणकावर वेगवेगळ्या युक्त्यांमध्ये पुन्हापुन्हा खेळवला. जिंकली अनातोल रॅपपोर्ट यांची सगळ्यांत छोटी युक्ती: आधी साथ द्या, पुढे समोरचा वागेल तसं वागा. बांधीवाल्याला हे संगणकाने सांगायची गरज नाही. शेजारी पुढच्या पावसाळ्यातही शेजारीच असतो.

‘जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही’ हा समज जास्त चिवट. गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखाने त्याला विद्वत्तेचा शिक्का मिळाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची जंगलं, स्पेनचे पाट दाखवून तो खोडला. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला; साल २००९. भंडाऱ्याचे तलावही त्यांच्या बाजूने साक्ष देतील. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे, आणि कोहळी समाजाने त्यात नाव कमावलं. पाणी सोडायला पाणकर असे. कोणाची पाळी कधी, हे तो पाही. गावाचे रिवाज इंग्रजी अमलात ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात लिहिले गेले. म्हणजे तलाव सगळ्यांचा होता, पण बेवारस नव्हता.

अर्थात, त्या काळाच्या आठवणीने डोळे ओले करायचं कारण नाही. पाळीवरच्या घामामागे मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाचा, धाकही होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले. धाक गेला हे बरंच झालं. गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न मात्र उरला.

आता इंटरनेटकडे. तिथे सगळे अनोळखी, उद्या भेटायची खात्री नाही. मग सहकार्य कुठलं? ५ डिसेंबर २००९ रोजी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने देशभर दहा लाल फुगे उभारले. सगळे आधी शोधेल त्याला ४० हजार डॉलर. एमआयटीच्या चमूने ते ८ तास ५२ मिनिटांत शोधले. एरवी बक्षिसाची बातमी मित्राला सांगणं म्हणजे स्पर्धक वाढवणं. या चमूने तोच हिशेब उलटवला: फुगा शोधणाऱ्याला २ हजार डॉलर, त्याला बोलावणाऱ्याला १ हजार, त्यालाही बोलावणाऱ्याला ५००, त्याच्या वरच्याला २५०. गप्प बसण्यात तोटा झाला, म्हणून लोक बोलले. गोंड राजांची जमीन आणि हे डॉलर यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मात्र ‘लोक जमवले की काम फत्ते’ हाही भ्रमच. २०११ मध्ये डार्पानेच यंत्रात कातरलेले कागद जुळवायची स्पर्धा ठेवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या एका चमूने आपलं कोडं इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं. कोणीतरी आत शिरून जुळलेले तुकडे विस्कटून टाकले. जिंकला तो दार बंद ठेवून काम करणारा छोटा गट.

हे एखाद्या विकृत माणसाचं काम, असं म्हणून आपण मोकळे होतो. २०१४ साली चार संशोधकांनी अशा स्पर्धांचं गणित मांडलं. त्यात घातपात हा अपवाद नसून नियमच निघाला. घातपात महाग केला तरी तो थांबत नाही, उलट निकाल आणखी वाईट लागतो, असंही दिसलं. कुंपण उंच करा म्हणणाऱ्यांना हे पटणं कठीण.

तरी मराठी विकिपीडिया २००३ पासून उघडाच आहे. तिथेही कोणी भंडाऱ्याच्या पानावर वाट्टेल ते लिहू शकतो. पण प्रत्येक बदल ‘इतिहास’मध्ये राहतो आणि जुनी आवृत्ती दोन-चार क्लिकमध्ये परत आणता येते. बिघडवण्यापेक्षा दुरुस्ती स्वस्त असली, की खोडी काढण्यात मजा राहत नाही. कातरलेल्या कागदांचं नेमकं उलट होतं: जुळवायला तास, विस्कटायला मिनिटं.

उद्या कोणी मामा तलावांचा लोकांनी भरायचा नकाशा काढला, पाळ कुठे खचली, बेशरमाची झुडपं कुठे माजली, अतिक्रमण कोणाचं, तर मी आधी एवढंच विचारेन: चुकीची नोंद काढायला किती वेळ लागेल? कारण ज्याच्या अतिक्रमणाची नोंद होणार, त्याच्याही हातात मोबाईल आहे.