खेळणारा झिको आणि शिकविणारा झिको

वसंत व्याख्यानमालेत आम्ही फुटबॉलवर बोलणार हे कळताच आमच्या काही मित्रांनी कपाळाला आठ्या घातल्या. जन्म कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. चेंडूशी त्याचे काय काम? त्यांना आमचे उत्तर एवढेच की, फुटबॉलपटू हाही एक कामगारच आहे. फरक इतकाच की त्याचे हत्यार त्याच्या शरीरापासून वेगळे काढता येत नाही. लेथ झिजली तर मालक नवी आणतो. गुडघा झिजला तर पस्तिसाव्या वर्षी माणूस घरी बसतो. त्यापुढे त्याच्याजवळ उरते ते त्याचे ज्ञान. आणि ते ज्ञान दुसऱ्याच्या हाती देता येते की नाही, यावर त्याचे उरलेले आयुष्य अवलंबून असते.

हा प्रश्न समजावून घ्यावयाचा तर ब्राझीलच्या झिकोइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. शिवाय तो आपल्याला परका नाही. २०१४ साली तो आपल्या शेजारच्या गोव्यात आला आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर तीन मोसम त्याने आपल्या मुलांना शिकविले.

झिकोचा जन्म ३ मार्च १९५३ चा, रिओ दि जानेरो शहराच्या किंतिनो या साध्यासुध्या उपनगरातला. बाप पोर्तुगालहून आलेला, घरात भाऊ अनेक, आणि फुटबॉल सगळ्यांच्याच अंगात. १९६७ साली फ्लामेंगो क्लबाने त्याला उचलले, तेव्हा पोरगा इतका काडीपहिलवान होता की खेळाआधी त्याचे शरीर बांधावे लागले. आहार, व्यायाम, डॉक्टर, सगळे क्लबाने पाहिले. झिकोतला शिक्षक समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. उपजत गुण त्याच्यात होताच. पण तो घडविलाही गेला होता, आणि कसा घडविला गेला हे त्याने स्वतः अनुभविले होते.

पुढे त्याने फ्लामेंगोसाठी पाचशेहून अधिक गोल केले. १३ डिसेंबर १९८१ रोजी टोकियोत फ्लामेंगोने इंग्लंडच्या लिव्हरपूलला ३-० असे हरविले, त्या दिवशी जपानी प्रेक्षकांनी झिको डोळे भरून पाहिला. १९८३ साली इटलीतल्या उदिने गावच्या क्लबाने त्याला विकत घेतले. तिकडच्या फुटबॉल संघटनेने सौदा अडविताच गावकरी रस्त्यावर आले, आणि 'झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो' अशी त्यांनी घोषणा दिली. ऑस्ट्रियाची सरहद्द तेथून जवळच. आम्ही आयुष्यात पुष्कळ मोर्चे काढले, पण एवढी रोखठोक मागणी आमच्या मोर्च्यात कधी कुणाला सुचली नाही.

१९८५ साली मायदेशी परतल्यावर एका सामन्यात त्याच्या पायावर क्रूर आघात झाला आणि गुडघा कायमचा अधू झाला. १९८६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडविली. विश्वचषक त्याच्या नशिबी आलाच नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये माराकाना मैदानावर त्याने फ्लामेंगोचा निरोप घेतला.

आता येथे थोडे थांबू. खेळ सुटलेल्या माणसाने काय करावे? आमच्या ओळखीचे एक टर्नर होते. हात असा की सुताइतका फरक बोटाने ओळखावा. त्यांना पोरे शिकवायला बसविले. सहा महिन्यांत पोरेही रडकुंडीला आली आणि तेही. 'अरे, असे धर' याच्यापुढे त्यांची वाणी जाईना. स्वतःला जे सहज येते ते दुसऱ्याला का येत नाही, हेच त्यांना उमगेना. उलट बेताच्या हाताचा, पण चुका करीत करीत शिकलेला कारागीर पुष्कळदा चांगला मास्तर होतो. मोठ्या खेळाडूंपैकी अनेक जण शिक्षक म्हणून फसतात त्याचे कारण आमच्या मते हेच. कसब हातापायांत असते. शिकविण्यासाठी ते तेथून बाहेर काढून त्याचे तुकडे करावे लागतात आणि एकेक तुकडा समोरच्याच्या पुढ्यात ठेवावा लागतो.

झिको मात्र लगेच मास्तर झाला नाही. १९९० मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला देशाच्या क्रीडाखात्याचा प्रमुख नेमले. वर्षभरच तो तेथे टिकला, पण त्या वर्षात त्याने एका कायद्याचा पाया घातला. त्याविषयी आम्हांला विशेष अगत्य आहे. ब्राझीलमध्ये तेव्हा 'पासी' नावाची पद्धत होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाच्या मुठीत राही. दुसऱ्या क्लबाने पैसे मोजून ती सोडविल्याशिवाय त्याला हलता येत नसे. आपल्याकडे सालगडी उचल घेतो आणि साल संपले तरी उचल फिटत नाही म्हणून त्याच मालकाच्या दारात उभा राहतो, त्याचीच ही चुलत बहीण. फरक असा की सालगड्यावर कर्ज तरी असते. येथे कर्ज नसताना माणूस गहाण. झिकोच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९९३ साली झाला. त्याने वाट मोकळी केली, परंतु पासी पुरती मोडली ती १९९८ च्या पेले कायद्याने, आणि तीही २००१ पासून अमलात आली. पेले त्या काळात क्रीडामंत्री होता. दोन खेळाडूंनी आपल्या जातभाईंच्या बेड्या तोडल्या, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे क्लबांच्या जागी दलाल आले आणि खेळाडूच्या कमाईत वाटा मागू लागले, हेही खरे. लासलगावच्या कांद्याप्रमाणेच, पिकविणारा सुटला की अडता भेटतोच.

१९९१ साली अडतिसाव्या वर्षी झिको जपानला गेला. हा त्याच्या कथेतला सर्वांत भरीव भाग. तो गेला तो कोण्या नामांकित क्लबात नव्हे, तर काशिमा नावाच्या समुद्रकाठच्या गावी, सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीच्या संघात. संघ दुसऱ्या वर्गातला. जपानमध्ये तोपर्यंत बहुतेक संघ कंपन्यांचे होते आणि खेळाडू त्या कंपन्यांचे नोकर. आमच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही क्रिकेटचे, कबड्डीचे असे संघ आम्ही पाहिले आहेत. त्यांचा दर्जा आणि त्यांचे लाड किती असतात, हे सांगावयास नको. अशा संघात जगातला एक अव्वल खेळाडू आला.

त्याच सुमारास जपानने धंदेवाईक लीग काढावयाचे ठरविले होते. लीगच्या चालकांची अट अशी की संघाच्या नावात कंपनीचे नाव नको. संघ गावाचा हवा. काशिमाला प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्यच, असे चालकांनी तोंडावर सांगितले होते. पंधरा हजार माणसे बसतील असे छपराचे मैदान बांधाल तर पाहू. काशिमाने ते बांधले. १९९३ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा दहा संघांत काशिमा अँटलर्स होता. १६ मे रोजी पहिल्याच सामन्यात त्याने नागोयाच्या संघाचा ५-० असा धुव्वा उडविला आणि चाळिशीच्या झिकोने त्यांतले तीन गोल केले. लीगचा पहिला टप्पा या खेडवळ समजल्या गेलेल्या संघाने जिंकला.

हे घडले कसे? झिको तेथे खेळाडू म्हणून होता, आणि खेळता खेळता शिकवीत होता. आमच्या टर्नरसाहेबांना जी सोय नव्हती ती त्याला होती. तोंडाने सांगून भागले नाही तर तो चेंडू घेऊन करून दाखवी. आणि मुख्य म्हणजे सराव, विश्रांती, साहित्याची निगा, हरल्यावर चीड येणे, या धंदेवाईक खेळाडूच्या सवयी पोरांना त्याच्यात रोज दिसत. नोकरी म्हणून खेळणे आणि खेळ हीच नोकरी असणे यांतला फरक तेथे कुणी भाषण करून समजाविला नाही. निष्ठा, प्रामाणिकपणा आणि परस्परांचा मान ही तीन सूत्रे त्याच्या नावाने क्लबात रूढ झाली.

तो देवमाणूस होता असे मात्र कुणी समजू नये. पहिल्या वर्षाचा अजिंक्यपदाचा अखेरचा सामना जानेवारी १९९४ मध्ये झाला. प्रतिपक्षाला पेनल्टी मिळताच रागाच्या भरात झिको पुढे गेला आणि चेंडूवर थुंकला. पंचांनी त्याला बाहेर काढले, संघाने अजिंक्यपद गमावले. मान राखा म्हणून शिकविणाऱ्याचाही तोल जातो. तरी गावाने त्याला टाकले नाही. त्याच वर्षी खेळणे थांबविल्यावरही तो सल्लागार म्हणून क्लबाशी बांधलेला राहिला. १९९६ मध्ये काशिमा प्रथमच लीगचा विजेता ठरला. गावात त्याचा पुतळा आहे.

२००२ साली जपानने त्याला राष्ट्रीय संघ दिला. आधीचा फ्रेंच मार्गदर्शक फिलिप त्रूसिए फार शिस्तीचा. कोणी कोठे उभे राहावे हे आखून देणारा. झिकोने ती दोरी सैल केली. मैदानावर निर्णय खेळाडूने घ्यावा, असे त्याचे मत. टीका पुष्कळ झाली. २००४ चा आशिया चषक त्याने बीजिंगमध्ये चीनला ३-१ हरवून जिंकला. पण २००६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटची सहा-सात मिनिटे राहीपर्यंत पुढे असलेला जपान ३-१ असा हरला. मग २२ जूनला डॉर्टमुंडला समोर आला ब्राझील. जपानने पहिला गोल केला. शेवटी ब्राझील ४-१ ने जिंकला. असा प्रसंग त्याच्या आधी दिदीवरही आला होता; १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक ब्राझीलला जिंकून देणाऱ्यांपैकी तो एक. १९७० मध्ये तो पेरूचा मार्गदर्शक होता आणि ब्राझीलने पेरूला ४-२ हरविले. परदेशी शिकवायला जाणाऱ्याला एक ना एक दिवस आपल्याच घराविरुद्ध उभे राहावे लागते. त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. ज्याचे मीठ खातो त्याचे काम चोख करावे.

त्यानंतर तुर्कस्तानात त्याने फेनरबाचेला २००७ चे विजेतेपद मिळवून दिले, पुढच्या वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या आठांत नेले. ताश्कंद, मॉस्को, ग्रीस असा फिरत २०११ मध्ये तो इराकच्या राष्ट्रीय संघाकडे गेला. तेथून २०१२ च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला. कारण सांगितले की कराराच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत. झिकोसारख्याची ही गत, तर ज्याचे नाव पेपरात येत नाही त्या खेळाडूचे काय होत असेल? आपल्या देशात फुटबॉलपटूंची संघटना निघाली तीच मुळी २००६ मध्ये, बायचुंग भुतियासारख्यांच्या पुढाकाराने.

आता गोवा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवाने झिकोला आणले. गोव्याला फुटबॉल शिकवायला माणूस आणणे म्हणजे पंढरपूरला कीर्तनकार नेण्यासारखे. एकट्या धेंपो क्लबाने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेली. तरीही पहिल्या वर्षी झिकोच्या संघाने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला आणि उपांत्य फेरीत तो कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. २०१५ मध्ये मुंबईला ७-० ने लोळविले. २० डिसेंबरला फातोर्ड्यावरच अंतिम सामना. चेन्नईविरुद्ध ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे गेला. सारे मैदान उभे राहिले. ९० व्या मिनिटाला गोव्याच्या गोलरक्षकाकडूनच चेंडू आत गेला, आणि जादा वेळात मेंडोझाने तिसरा गोल मारला. नऊ वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाविरुद्ध जे झाले तेच पुन्हा, अखेरच्या मिनिटांत. २०१६ मध्ये आठ संघांत गोवा शेवटचा आला आणि २०१७ च्या आरंभी झिको व क्लब वेगळे झाले.

काही लोक म्हणतात, म्हातारपणी पैसे कमवायला आला होता. आमचे मत निराळे आहे. काशिमात त्याला अकरा वर्षे मिळाली. गोव्यात एक मोसम अवघा दहा-अकरा आठवड्यांचा. आपले बहुतेक खेळाडू दुसऱ्या क्लबांकडून उसने आणलेले. मोसम संपला की ज्याचा त्याला परत. आयटीआयचा मास्तरदेखील दोन वर्षे मागतो, आणि आपण झिकोला म्हणतो, नवरात्र ते नाताळ एवढ्यात गडी तयार कर. त्यात २०१६ च्या जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे जुने क्लब राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले, मागोमाग धेंपोही. वरचा मजला उभा राहत होता आणि खालच्या विटा निघत होत्या. खाणीवाल्या घराण्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या क्लबांना २०१२ च्या खाणबंदीनंतर दिवस कठीणच होते. पण मूळ दुखणे असे की कंपनीचा संघ गावाचा करण्याचे जे काम काशिमाने केले ते आपल्याकडे झाले नाही. आपल्या मुंबईतच पाहा. महिंद्र युनायटेड हा १९६२ पासूनचा कंपनीचा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये बंद झाला. कंपनीने ठरविले आणि दिवा मालवला. त्याच संघातून काही काळ खेळलेला ब्राझीलचा होजे बारेटो मात्र खेळ संपल्यावरही इकडेच राहिला आणि नवी मुंबईत मुलांना शिकवू लागला.

तरी झिकोच्या हातून गोव्यात काहीच उगवले नाही असे नाही. म्हापशाचा मंदार राव देसाई त्याच्या संघात डाव्या बाजूने धावत असे. पुढे २०२०-२१ मध्ये लीग जिंकणाऱ्या मुंबईच्या संघात तो बचावपटू म्हणून होता. आणि असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस. पहिल्या मोसमात झिकोने त्याला खेळविले, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत हा पोरगा ब्राझीलच्या कुरितिबा शहरी अतलेतिको परानाएन्से क्लबात खेळायला गेला. दक्षिण अमेरिकेत धंदेवाईक फुटबॉल खेळणारा तो पहिला भारतीय. तेथेही त्याला थोडेच महिने मिळाले.